जुनं कुलूप

सात वर्षं ज्याचा काहीच ठावठिकाणा लागत नाही, त्याला कायदा मृत मानू शकतो. हे मला इतकं तोंडपाठ झालंय, की मामा मला ‘वकीलबाई’ म्हणूनच हाक मारतो!

बाबा एका सकाळी कामावर गेले, ते परत आलेच नाहीत. काल कोर्टाचा निकाल लागला. आता आई आणि मी कायदेशीर वारस, घर आमच्या नावावर होणार! साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आईने “ते आता नाहीत, साहेब,” असं खणखणीत सांगितलं होतं. डोळ्यांत टिपूस नाही. मला तर केवढा अभिमान वाटला!

आज मामा कुलूपवाल्याला घेऊन आला, कारण आमच्या दाराशी रोज कुस्ती खेळावी लागते.

“हे पार कामातून गेलंय, बाई. नवं बसवतो, तीन किल्ल्या मिळतील.”

“नको. हेच दुरुस्त करा.”

“अगं ताई, घर आता हक्काचं झालं!” मामा हसला. “एक कुलूप घ्यायला कसली कंजुषी?”

आईने कुलपावर हातच ठेवला.




“याला जुनीच किल्ली लागली पाहिजे. एक त्यांच्याकडे आहे.”