सुबोधची सागवानी खुर्ची

सुबोध देवळात गेला, तशी गुणाजीनं त्याची सागवानी आरामखुर्ची गॅलरीतून उचलली आणि डोक्यावर घेऊन जिना उतरला. लपतछपत नाही, वरात काढल्यासारखा. घाटकोपरची ती चाळ अख्खी कोकणातली. शिमग्याला होळीसाठी कुणाचंही लाकूड पळवावं आणि होळीवर चढलं की मालकानं परत मागू नये, हा गावचा कायदा. एरवी याच चाळीत नुसती चप्पल ढापणाऱ्याला जिन्याच्या कठड्याला बांधून कुटलं होतं. पहिला हात गुणाजीचा.

ही खुर्ची आल्यापासून गुणाजीच्या पोटात दुखत होतं. सुबोध तिच्यात रेलला की अख्खी गॅलरी त्याच्याभोवती. गुणाजीची बायको रत्नप्रभासुद्धा. "माणसानं बसावं तर असं," ती म्हणायची, आणि घरी येऊन नवऱ्याच्या प्लॅस्टिकच्या स्टुलाकडे बघायची.

खुर्ची होळीच्या ढिगावर चढली. सुबोध आला. वर बघितलं. तोंड पांढरंफटक. गुणाजीला गुदगुल्या झाल्या. आता रड, लेका!

सुबोधनं हात जोडले. "जाऊ दे. होळीला वाहिली."

टाळ्याच टाळ्या. चाळीतले सगळ्यांत म्हातारे नाना पुढे आले, पेटती चूड त्याच्या हातात दिली. "यंदा मान तुझो रे. सागवान कोण देता होळीक?"

"त्यानं कुठे दिलं?" गुणाजी किंचाळला. "मी चोरली ना ती!"

"गप रे मेल्या. शिमग्याक चोरी खंय असता?"

बंदोबस्ताचा हवालदार कडेला पुरणपोळी खात उभा होता. गुणाजीनं त्याची बाही धरली. "साहेब, चोरी झालीय. मीच केलीय. लिहून घ्या!"

"होळीला?" हवालदार खो खो हसला. "आम्ही तर गावाला सरपंचाचं दार नेलं होतं." आणि पोळीचा तुकडा तोंडात टाकून सुबोधचा हात हातात घ्यायला गेला.

सुबोधनं होळी लावली. सगळ्यांनी तोंडावर हात मारत बोंब ठोकली. सगळ्यांत मोठी गुणाजीची.

पेंढा भुर्रकन गेला, फळ्या गेल्या. खुर्ची मात्र हात पसरून तशीच जळत राहिली. रत्नप्रभा नैवेद्याचं ताट हातात धरून एकटक बघत होती.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "जळतेय पण कसली झकास, बघा ना."