घोडीखालची जमीन

हिवाळा सरत आला, तरी मंगोलियाच्या त्या माळावरचा बर्फ हटत नव्हता. चारा संपला होता आणि दुल्माची गाभण घोडी दोन दिवस बसूनच होती.

"आज उठली नाही, तर सोड तिची आशा," सासूने सांगून ठेवलं होतं.

सकाळी दुल्मा तंबूबाहेर आली, तर घोडी उभी राहून चरत होती. तिच्या पायांखाली तेवढाच बर्फ वितळून हिरवं गवत वर आलं होतं.

"आई, इथं जाळ केलात?"

"जाळायला आहे काय आपल्याकडे?"

दुल्माने जमिनीवर तळवा टेकवला. माती उबदार होती. तळव्याखाली ती हळूच वर आली आणि हळूच खाली गेली, श्वास घेतल्यासारखी.

सासूनेही वाकून हात टेकवला.

"हळू बोल," ती कुजबुजली. "जागं होतंय."