गिअर टाकल्यावर

टाकी भरून झाली, झाकण बसलं, पैसे देऊन झाले. तरी इंदिराबाईंची मोटरसायकल पंपावरून हलेना. इंजिन चालू होतं. क्लच दाबलेला, पहिला गिअर टाकलेला. फक्त क्लचवरचा हात सुटत नव्हता. मागे दुधाचे कॅन लटकवलेला एक गाडीवाला आणि त्याच्यामागे एक ट्रॅक्टर, दोघांनी हॉर्नचा सपाटा लावला होता.

एकसष्टाव्या वर्षी मोटरसायकल शिकायला निघालेल्या बाईला मध्य प्रदेशातल्या देवासात कोणी नावं ठेवली नसती तरच नवल. सुनेचा पंजाबी ड्रेस, नवऱ्याचं हेल्मेट. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, मग काळजी करू लागल्या आणि शेवटी कंटाळून आपापल्या कामाला लागल्या.

इंदिराबाईंना हौस वगैरे काही नव्हती. विश्वासराव गेले आणि घराचा आवाजच गेला. पूर्वी सकाळी कचेरीच्या वेळेला फाटकाशी गाडी चालू व्हायची, गिअरचा खट्ट आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. विश्वासराव इंजिन गरम करत बसायचे. उगाच पेट्रोल जाळतात म्हणून इंदिराबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, तापलं इंजिन, निघा आता!" मग ते निघत. संध्याकाळी वळणावर गाडी वाजली की चहाचं आधण ठेवायचं. आता आधण कधीही ठेवलं तरी चालत होतं, त्यामुळे पुष्कळदा ते ठेवलंच जात नसे. एक दिवस त्यांनी अंगणात गाडी स्टँडवरच चालू केली, नुसती ऐकायला. त्या दिवशी त्यांनी चहा केला. पुढे तो रोजचा नेमच झाला.

तेवढ्यात पुण्याहून संग्रामचा फोन आला. "आई, गाडी कशाला फालतू सडवतेस? माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. तिथं चालवणार कोण आहे?"

"मी," आई म्हणाली. तोंडातून निघून गेलं खरं, पण मग त्यांनी माघार घेतली नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या अंशुलनं शिकवायचं मनावर घेतलं. गाडी एकदा सुटली की इंदिराबाई ती सरळ नेत, वळवत, थांबवत. घोडं अडायचं ते निघताना. अंशुल मागे बसून खांद्यावर थोपटत "चलो काकीजी" म्हणाला की गाडी झकास निघे. तो उतरला की बाई गिअर टाकून तशाच बसून राहत, नाहीतर क्लच एकदम सोडून गाडी बंद पाडत. "डर है काकीजी, और कुछ नी," अंशुल म्हणे. हळूहळू इंदिराबाईंनाही तेच खरं वाटू लागलं.

शेवटी संग्रामनं निकाल लावला. "एकटी हाटपिपल्याला जाऊन ये. नृसिंहाच्या देवळासमोरून मला व्हिडिओ कॉल कर, मग मी विकायचं नाव काढणार नाही. नाहीतर संध्याकाळी माणूस येऊन गाडी घेऊन जाईल."

आज सकाळी अंशुलनं खांदा थोपटून त्यांना रवाना केलं. पेट्रोल भरायचं राहिलंय हे गाव सुटल्यावर लक्षात आलं, आणि थांबावं लागलं ते नेमकं याच पंपावर.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विश्वासराव इंदिराबाईंना इथंच विसरून गेले होते. त्या उतरून पदर सावरत होत्या, आणि हे पेट्रोल भरून चालते झाले. एरवी अबोल माणूस, पण त्या दिवशी मागच्या सीटला लसणाचे भाव सांगत पार पुढच्या गावापर्यंत पोचला. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. इंदिराबाई पोट धरधरून हसल्या. ते हसले नाहीत. म्हणाले, "यापुढे तू बसून माझ्या खांद्यावर दोनदा थोपटल्याशिवाय गाडी हलणार नाही." आणि खरंच, जन्मभर कधी हलली नाही.

"काकीजी," पंपावरचा माणूस जवळ आला, "कोई बैठने वाला है क्या? किसकी राह देख रहे हो?"

इंदिराबाईंनी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती. ही भीती नव्हतीच, हे त्यांना तेव्हा कळलं. इतके महिने त्यांचा खांदा दोनदा थोपटलं जाण्याची वाट पाहत होता. आपण निघालो तर विश्वासराव इथंच राहतील, असं कुठंतरी मनात धरून त्या बसल्या होत्या. डोळे भरून आले. इतकं एकटं त्यांना रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

मग फाटक आठवलं. इंजिन गरम करायचं तर गाडी न्यूट्रलला ठेवतात, हे अंशुलनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. विश्वासरावांच्या गिअरचा खट्ट आवाज तर आधीच यायचा. म्हणजे गिअर टाकून, क्लच दाबून, मागे कोणी बसलेलं नाही हे पक्कं ठाऊक असून तो माणूस रोज सकाळी फाटकाशी थांबत होता. आणि स्वयंपाकघरातून हाक आली की निघत होता.

हॉर्न पुन्हा वाजले. इंदिराबाईंनी हेल्मेटची काच खाली ओढली.

"अहो, तापलं इंजिन," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "निघा आता!" आणि क्लचवरचा हात हळूहळू सैल केला.