पोशेऱ्याचा काटा

फागूकाकाने तोंड मिटलं ते मिटलंच. शाळेच्या ओट्यावर नितीन कापसाची काडी धरून त्याच्यापुढे उकिडवा बसला होता आणि काका ओठ आवळून डोंगराकडे बघत होता.

“काका, एकदाच. घशाला नुसती लावतो.”

काकाने मान हलवली. मग काडी आत शिरायच्या आधीच घाईघाईने बोलून घेतलं, “तुझ्या या काडीनं वीटभट्टी गेली माझी. आता घसा पन नेतोस का?”

काकाचं काही चुकत नव्हतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणारा नितीन हा पोशेऱ्याचा पहिला संशोधक. गणपतीच्या सुट्टीत त्याने याच ओट्यावर गावकऱ्यांच्या घशातले नमुने घेतले होते. करोनाच्या विषाणूच्या अंगावर काटे असतात आणि मुलखागणिक त्या काट्यांत थोडा थोडा बदल होत जातो. कुठला बदल कुठून आला हे शोधायचं, हेच त्याचं काम. पोशेऱ्याच्या पहिल्याच नळीत त्याला असा बदल सापडला, जो जव्हारला नव्हता, जामसरला नव्हता, मोखाड्यातही नव्हता. नितीन खोलीवर एकटाच नाचला.

तसा तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दिवाळीनंतर पोशेऱ्याची माणसं पोटामागे कुठं कुठं जातात, हे त्याच्याइतकं प्रयोगशाळेत कोणाला ठाऊक असणार? त्याने भिवंडीचे काटे ताडून पाहिले, वसईचे पाहिले, नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडचेही पाहिले. कुठेच जुळेना. म्हणजे हा आपल्याच डोंगरात घडलेला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. प्रबंधाची पहिली ओळ लिहायच्या आधी त्याने मोबाईलवर स्टेटस टाकलं, ‘जगात कुठेच नाही असा विषाणू माझ्या पोशेऱ्यात! अभिमान!’

विषाणूचा अभिमान वाटलेला तो तालुक्यातला पहिलाच माणूस असावा. स्टेटस फिरत फिरत भिवंडीच्या वीटभट्टीवर माणसं नेणाऱ्या मुकादमाकडे पोचलं. मुकादमाने टेंपो पाठवायचा बंद केला. गाठोडी बांधून बसलेल्या माणसांनी गाठोडी सोडली. भात झोडून झालं होतं, नाचणी घरात आली होती, आता पावसाळ्यापर्यंत हाताला काम नव्हतं. म्हणून नितीन धावत आला होता. त्या पहिल्या नळीवाल्याचा घसा आता निर्मळ निघाला, तर मुकादमाला समजावता येईल. प्रबंधालाही जरा मदत होईल, हे तो मनातसुद्धा हळूच म्हणत होता.

नळ्यांवर नावं नव्हती, नुसता आकडा आणि गाव. लोकांचं गुपित राहावं म्हणून हा नियम त्यानेच केला होता. पण पहिला कोण बसला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. फागूकाका.

“काका कुठं पयला व्हता?” त्या दिवशी नळ्या भरणारी गावची आशा सेविका सुनिता मागून म्हणाली. “पयला तूच ना रे नितीन! लोकं घाबरली, कुणी बसंना. मंग तूच बसलास, बघा, काय व्हत नाय, म्हनून. काडी लावली तं असा ठसका लागला तुला, पोरं अजून नक्कल करतात.”

“अहो ताई, ते नुसतं दाखवायला होतं! ती नळी टाकून द्यायची होती.”

“चांगली भरलेली नळी टाकू कशी? आन गाव विचारलं तं तूच छाती काढून वरडलास, पोशेरा! मी तेच लिवलं.”

नितीनच्या हातातली काडी खाली आली. गणपतीला पुण्याहून येताना धरलेला घसा त्याला आठवला. आईने दिलेला गवती चहाचा काढाही आठवला. पोशेऱ्याची माणसं भिवंडीला जातात, वसईला जातात, नाशिकला जातात, सगळं त्याने बरोबर हेरलं होतं. एक माणूस पुण्याला जातो, तेवढं राहून गेलं होतं.

त्याने पुण्याला फोन लावला. सोबत काम करणाऱ्या प्राजक्ताने पुण्याचे नमुने उघडून पाहिले आणि ती खो खो हसत सुटली. “अरे, हा बदल आपल्याकडे गणपतीपासून गल्लोगल्ली आहे!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. नितीनने कळशासाठी तीन जिल्हे पालथे घातले होते. त्याला हसू यायला लागलं, पण समोर काका बसला होता आणि काकाचं गाठोडं घरात सुटून पडलं होतं. त्याला फार लाज वाटली.

“आता तू तोंड उघड,” काका म्हणाला आणि मुकादमाला फोन लावून मोबाईल त्याच्यापुढे धरला.

नितीनने सगळं सांगितलं. हा काटा बाकी कुणात सापडला नाही, एका माणसाबरोबर तो पुण्याहून आला होता, त्यालाही आता दोन महिने झाले.

“मला ते काटेबिटे कळत नाय,” मोबाईलमधून मुकादमाचा आवाज ओटाभर ऐकू आला. “तो मानूस गावचा का भायेरचा, तेवढं सांग. भायेरचा असंल तं सकाळी टेंपो पाठवतो. गावचा असंल तं नाय.”

याच ओट्यावर नितीनने पाटीवर अक्षरं गिरवली होती. काकाने मोबाईल त्याच्या तोंडाजवळ आणखी पुढे सरकवला. ओट्याच्या कडेला नितीनची आई रामी पदराला हाताचं नाचणीचं पीठ पुसत उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

“बाहेरचा,” नितीन म्हणाला.