समताच्या सुटाचं माप

“आखूड कर,” इंद्रभान म्हणाला. “पाठीत, बाह्यांत, जिथं जिथं जमन तिथं.”

जयमालाने मशीनवरचा पाय काढला. ट्रॅक्टर-जीपच्या सीटांना कव्हरं शिवणारी बाई ती. जाड चामड्यातून सुई काढावी तर बुलडाण्यात तिनेच. समोर टेबलावर समताचा सूट पालथा पडला होता. काळा, जड, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध. मोटारसायकलच्या शर्यतीत घालतात तसला. पुण्याच्या कुण्या पोराने वापरून विकलेला, समताच्या अंगावर पोत्यासारखा लोंबणारा.

“भाऊ, पोरगी तं म्हणून गेली, चांगला अंगाबरोबर करून दे म्हणून.”

“तिनं सांगतलं ते सोड. मी तिचा बाप हाये.”

“आखूड म्हंजे किती?”

“घातल्यावर तिले सरळ उभं राह्यता नाही आलं पाह्यजे.”

 जयमालाने सूट उलटापालटा केला, पाठीवरून तळहात फिरवला.

“सरळ उभं राह्यता नाही आलं पाह्यजे,” ती सावकाश म्हणाली. “एवढंच ना?”

“एवढंच. अन् हे तुझ्या-माझ्यात.”

“बरं भाऊ. तुमी म्हंता तसंच करते.”

ती एवढ्या लवकर ऐकेल असं त्याला वाटलं नव्हतं. भांडायच्या तयारीने आलेला माणूस भांडणाशिवाय परत निघाला की हात रिकामे वाटतात, तसे त्याला वाटले.

देऊळघाटला परतताना त्याने मनाशी सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. उभी हयात त्याने राजूर घाटातून एसटी चढवली-उतरवली होती. कुठल्या वळणावर काय पडलेलं दिसलं, ते त्याने घरी कधी सांगितलं नाही. चप्पल एका अंगाला, पोरगं दुसऱ्या अंगाला. अशी रात्र आली की तो जेवायला बसायचा आणि नुसतं पाणी पिऊन उठायचा. त्याची बायको, बेबीताई, विचारायची नाही. आता त्याच घरातून त्याची लेक शर्यतीत गाडी घालायला निघाली होती. रविवारी नाशिककडे निवड होती.

नाही म्हणून पाहिलं होतं त्याने. समता नुसती हसली होती. तो हट्ट कुणाकडून आलाय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला अडवायची वाट तिनेच दाखवली. “सूट नीट बसला नसन तं ट्रॅकवर घेतच नाही, बाबा,” भाकर मोडता मोडता ती म्हणाली होती. “ढिला असला की पडल्यावर सरकते तो. मग काय कामाचा?”

इंद्रभानने घास खाली ठेवला होता. “मंग आयक. सूट बसला तं जाय. मी आडवा येनार नाही. नाही बसला तं पुन्हा नाव काढाचं नाही.”

“शब्द?”

“शब्द. तुही माय साक्षी हाये.”

“मले नका ओढू तुमच्यात,” बेबीताई म्हणाली होती. “दोघंही एकाच मातीचे.”

शनिवारी दुपारी समता सूट घेऊन घरी आली. मागच्या सीटवर जयमाला होती. इंद्रभानकडे न बघता तिने सगळ्यांना जयभीम घातला आणि बाजेवर टेकली.

समता आत गेली. बराच वेळ चामड्याची करकर ऐकू येत राहिली. मग ती ओसरीवर आली, आणि बेबीताईने पदर तोंडाला लावला.

“अवं माय. हे काय व?”

समता वाकलेली होती. पाठ ताणलेली, मान पुढे काढलेली, हात कोपरांत मुडपलेले. गुडघे सरळ होईनात. पोटाशी चामड्याच्या वळकट्या जमल्या होत्या. ती दोन पावलं चालली, पाठीवर ओझं असल्यासारखी.

“जयमाले, तुवं सीट शिवली का सूट?” बेबीताई म्हणाली.

“मले सांगतलं तसं शिवलं, बाई.”

इंद्रभानला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती वाकलेली पाठ त्याच्या लेकीची होती. ज्या पोरीने शाळेत, गावात, पाहुण्यांत कुणापुढे मान खाली घातली नाही, तिला त्याने चामड्यात बांधून वाकवलं होतं. वाकलेली पण घरी असलेली, असं त्याने मनाला समजावलं.

“उभी राह्य सरळ,” तो म्हणाला.

“नाही राह्यता येत.”

“पुन्हा पाह्य.”

तिने जोर लावला. चामडं कुरकुरलं, पाठ तसूभर वर आली आणि पुन्हा खाली गेली.

“नाही येत, बाबा.”

“मंग झालं.” त्याने आवाज मऊ केला. “नाही बसला सूट. तू काही हरली नाही, माय. सूटच तसा निघाला. आता शब्द म्हंजे शब्द.”

“हाव,” समता म्हणाली. “शब्द म्हंजे शब्द.”

आणि ती तशीच, वाकल्या अंगाने, अंगणात उतरली. लिंबाखाली तिची गाडी उभी होती. बेबीताई “अवं, पडशीन” म्हणाली. समताने पाय टाकला, सीटवर बसली, हँडल धरलं आणि छाती टाकीवर टेकवली.

पोटावरच्या वळकट्या गेल्या. बाह्या मनगटाला येऊन थांबल्या. गुडघे टाकीला बिलगले, आणि मानेपासून कंबरेपर्यंत पाठ अशी सरळ झाली की जणू नांगरून पाटा फिरवलेलं वावर. कुठे एक सुरकुती नाही.

बाजेवर जयमाला पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

समताने गाडी सुरू केली, एकदा रेस दिली, आणि मान न उचलता म्हणाली, “माप लय बरोबर देल्लं, बाबा तुमी.”