बाजेखालची शेगडी

माणिकबाईंनी चिमट्यात धरून तापलेली वीट आणली आणि त्या उंबऱ्यावरच थांबल्या. आत नेण्याआधी ती नवऱ्याला दाखवायची, असा आता घरचा नेमच झाला होता. खुशालरावांनी वीट फडक्यावर घेतली. उलटी केली, सुलटी केली, कडेला चिकटलेली राख फुंकली, एखाद्या खाचेत ठिणगी दडलेली नाही ना म्हणून ओल्या बोटाने चाचपून पाहिलं. एवढं होईस्तोवर विटेतली अर्धी ऊब पौषाच्या वाऱ्याने नेलेली असायची.

"ने आता," ते म्हणाले.

घर आढ्यापर्यंत कापसाने भरलं होतं. ओसरी भरली, माजघर भरलं, बैल बाहेर बांधून गोठाही भरला. समुद्रापल्याड कुठे लढाई जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस अडला आणि तेल्हाऱ्याकडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. पण माल न्यायला गाड्या मिळेनात. मग ज्याने त्याने कापूस घरात ठासला आणि चुली अंगणात काढल्या. त्या हिवाळ्यात सारं गाव उघड्यावर रांधत होतं आणि अंधारात निजत होतं. खालच्या आळीतल्या जानरावाच्या घरात चिलमीची एक ठिणगी पडली, तर सकाळी नुसत्या काळ्या भिंती उरल्या होत्या. तेव्हापासून खुशालरावांनी घरात दिवासुद्धा लागू दिला नव्हता. नातवाची पाचवी पुजली, तीही अंगणात.

कापसाच्या दोन ढिगांमधल्या सांदीत सुभद्रेची बाज होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. लेकरू सातमाशी. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी नाही, असं माणिकबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. सुभद्रेला वाऱ्यावर बाहेर काढता येत नव्हतं, आणि शेजारी न्यावं तर तिथेही कापूसच.

खुशालराव काही दगडाचे नव्हते. डोकं तर चार जणांपेक्षा जास्तच चालायचं. त्यांनी भिंतीच्या फटीत कापूस कोंबून वारा बंद केला. दाराला दुहेरी गोधडी लावली. शेळीचंही अंग गरमच की, म्हणून शेळी आत आणून बाजेला बांधली. नातवाला निवडक पांढऱ्याशुभ्र कापसात ठेवलं, खाली कापूस, वर कापूस. राजाच्या पोराला मिळणार नाही असं अंथरूण. पण दुपारपासून पोर रडलं नव्हतं.

वीट ठेवून माणिकबाई बाहेर आल्या.

"पाय गार पडून राहिले त्याचे. अन् तिले हीव भरलं, दात वाजून राहिले पोरीचे. आवो, खापरभर विस्तव नेऊ द्या मले. मी राखीन. डोळ्याले डोळा लावणार नाई."

"अन् उडाली ठिणगी त? तू, पोरगी, लेकरू, समदेच जासान. जानरावचं घर पायलं ना?"

"मंग कापूस काढा बाहेर."

"दवात? भिजला त कोन घेते? परवा अकोल्याहून गाड्या येऊन राहिल्या. मंग शेगडी काय, होळी पेटव घरात. आन् त्याले एवढा कापूस गुंडाळला, अजून काय पायजे?"

माणिकबाई चुलीपुढे मटकन बसल्या.

"कापूस ऊब देत नाई हो. गोधडी थंडीच असते. निजणारा तिले तापवते. त्या लेकराच्या अंगात हाये तरी काय तापवाले?"

खुशालरावांनी स्वतःच दुसरी वीट विस्तवात सारली. ती तापल्यावर त्यांनी जरा घाईनेच तपासली. पण तपासली.

उजाडलं तरी सुभद्रेने हाक मारली नाही. माणिकबाई आत गेल्या, तेव्हा ती पोराला छातीशी धरून बसली होती. तिचं अंग आता तव्यासारखं तापलं होतं. ताप भरला तेव्हा उशीर झाला होता. पोर कधीचंच गार पडलं होतं. माणिकबाईंचा हंबरडा कापसाच्या ढिगांनी गिळला, अंगणापर्यंतसुद्धा नीट पोचला नाही.

खुशालराव कुदळ घेऊन दारात येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकायची हिंमत त्यांना होत नव्हती. माणिकबाई पोराला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळत होत्या.

"बाबा," सुभद्रा म्हणाली, "त्याले अग्नी देसान ना?"

खुशालरावांनी कुदळ भिंतीला टेकवली. "एवढ्याशा लेकराले अग्नी देत नाईत, माय. मातीत ठेवतेत."

"म्हंजे तितंबी विस्तव नाई."

त्यांनी मान खाली घातली. पौषात नाल्याकाठची काळी माती किती गार असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

सुभद्रेने गोधडीत हात घालून रात्रीची वीट बाहेर काढली. ती पोटाशी धरूनच तिने रात्र काढली होती.

"हे ठेवजा त्याच्यापाशी. गरम हाये. माह्या अंगानं तापली."

खुशालराव आत आले. त्यांनी दोन्ही हातांनी वीट घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांनी वीट उलटी केली, सुलटी केली आणि ओल्या बोटाने तिची खाच चाचपून पाहिली.