पाच चौकटी आणि एक कंपनी

“म्हणजे पाचव्या चौकटीतही कंपनीच?” प्राध्यापकांचं पेन हवेतच थांबलं.

“मग काय खोटं लिहायचं?” चष्म्याच्या दुकानाचे मालक, म्हणजे त्यांचे सासरे, एका फ्रेमची काडी गरम वाळूच्या भांड्यात खुपसत म्हणाले.

काउंटरवर मोठा कागद पसरला होता. मधोमध एक चौकट आणि तिच्या चारी अंगांना चार; प्रत्येकीत धंद्यावर दाब आणणारी एकेक शक्ती. धंदा साबणाचा असो की सिमेंटचा, या पाच चौकटींत तो बसतोच, असं प्राध्यापक बावीस वर्षं कॉलेजात शिकवत आले होते. विद्यार्थी ते पाठ करून पास होत आणि मग नोकरी शोधत. स्वतः प्राध्यापकांनी जन्मात एक पेन्सिल विकली नव्हती, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलं नव्हतं.

आज अडलं होतं. ऑनलाइन चष्मे विकणाऱ्या एका कंपनीने सासऱ्यांना सहा वाजेपर्यंतची मुदत दिली होती. करार मान्य केला तर सासऱ्यांच्या नावाची पाटी उतरणार, कंपनीची चढणार, आणि कंपनी धाडेल त्या ऑर्डरींचे चष्मे ते बनवत बसणार. नाही केला तर समोरच्या रिकाम्या गाळ्यात कंपनी स्वतःच येऊन बसणार. पाटी एकतीस वर्षांची होती आणि सासऱ्यांचा जीव तिच्यात अडकला होता. म्हणून जावईबापूंना बोलावणं गेलं. एवढा शिकलेला माणूस घरात असताना बाहेर कुणाला विचारायचं?

जुना प्रतिस्पर्धी कोण? कोपऱ्यावरचा दुकानदार, त्याने गेल्याच महिन्यात कंपनीची पाटी लावली. धंद्यात नव्याने कोण उतरतंय? कंपनी. भिंगं कोण पुरवतं? एक घाऊक व्यापारी पुरवायचा, त्याला कंपनीने दुकानासकट विकत घेतला. चष्म्याला पर्याय काय? डोळ्यांचं लेझर ऑपरेशन. त्याची शहरात तीन केंद्रं, तिन्ही कंपनीची. राहिलं गिऱ्हाईक. ते हल्ली आधी फोनवर कंपनीला विचारतं आणि ती सांगेल तिकडे जातं.

“असं होत नसतं, बाबा,” प्राध्यापक म्हणाले. “या पाच शक्ती एकमेकींपासून वेगळ्या असतात. तसं गृहीतच धरलंय.”

“यांचं तर गोत्र एकच निघालं,” सासरे म्हणाले. “म्हणजे तुमचं शास्त्र चुकलं म्हणायचं?”

“शास्त्र कसं चुकेल?” प्राध्यापक दुखावले. “शास्त्र बरोबरच आहे. तुमचा धंदा त्यात नीट बसत नाहीये, एवढंच.”

पण बावीस वर्षांची पुण्याई एका कागदावर बुडू देणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला भला मोठा किल्ला काढला. आवाज आपोआप वर्गातला झाला.

“स्वस्ताईत तुम्ही त्यांना हरवू शकत नाही. मग राहिलं वेगळेपण! कंपनीकडे नाही असं तुमच्याकडे काय आहे? नाती! सगळं गिऱ्हाईक गेलं तरी जवळचं माणूस कुठे जाणार नाही. तो तुमचा बालेकिल्ला. करार मुळीच मान्य करू नका.”

सासऱ्यांचा चेहरा खुलला. खरं तर त्यांना एवढंच ऐकायचं होतं, आणि तेही शिकलेल्या माणसाच्या तोंडून. त्यांनी हात पुसले, फोन उघडला आणि ‘नको’वर बोट टेकवलं.

कंपनी इतक्यात सोडणार थोडीच. पडद्यावर लगेच गाजर आलं: ‘थांबा! तुमच्या परिसरातल्या या ऑर्डरी कारागिराची वाट पाहत आहेत.’ नावं झाकलेली होती. नंबर आणि मापं तेवढी दिसत होती.

सासरे सवयीने वाचू लागले. लोकांची नावं ते भर लग्नातसुद्धा विसरत, पण एकदा हाताखालून गेलेला नंबर विसरत नसत. तिसऱ्या ऑर्डरीवर ते अडखळले.

“उजवा उणे सव्वातीन,” ते पुटपुटले. “डावा उणे पावणेसहा. बाहुल्यांमधलं अंतर साडेअठ्ठावन्न.”

दोन डोळ्यांत एवढा फरक आणि नेमकं हेच अंतर त्यांनी एकाच माणसाचं पाहिलं होतं. त्यांनी मान वर करून जावयाकडे पाहिलं.

प्राध्यापकांना एकाएकी उकडू लागलं. कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना कंपनीने चाळीस टक्के सवलत दिली होती. परवा त्यांनीच बायकोला ते कूपन पाठवलं होतं. बाबांना कशाला उगाच त्रास, असं दोघांचं ठरलंही होतं. आता त्यांना मनापासून लाज वाटली. कागदावरचा किल्ला कुठे लपवावा ते कळेना.

“बाबा, ती सवलत होती म्हणून हो... म्हणजे आम्ही...”

सासऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. “डावा अर्ध्याने वाढलाय,” ते म्हणाले. “सातवीत होती तेव्हापासून मी तपासतोय. मला बोलली नाही.”

त्यांनी तो नंबर पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी बोट सरकवलं आणि ‘मान्य’ दाबलं.

“अहो बाबा, हे काय केलंत? एकतीस वर्षांची पाटी!”

“तिचा डावा कान जरा खाली आहे, ते कंपनीला कुठलं ठाऊक?” सासरे भिंगांचा खण उघडत म्हणाले. “दुसऱ्या कुणी केला तर डोकं दुखेल तिचं.”